मुरमावरची हॉकी

सातारच्या मैदानांवर चेंडू सरळ यायचा नाही. खाली मुरूम, त्यावर कुठे कुठे हरळीचे पुंजके, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सभेच्या मांडवासाठी खणून अर्धवट बुजवलेले खड्डे. उजवीकडून आलेला पास आपल्यापर्यंत पोचेस्तोवर दोनदा उडायचा आणि एकदा वाट बदलायचा. आम्हांला हॉकी शिकवणारे निवृत्त हवालदारसाहेब पहिल्याच दिवशी सांगत, "त्याच्यावर भरवसा ठेवू नका रे. तो त्याच्या मर्जीनं येणार. तुम्ही तयार राहा." गुडघे वाकलेले, स्टिक जवळजवळ उभी, आणि नजर चेंडूच्या पुढच्या दगडावर. या पवित्र्यात माझं शाळेचं आणि कॉलेजचं सगळं वय गेलं. आता गुडघे दुखतात तेव्हा डॉक्टर विचारतात, कधी पडला होतात का? पडलो नव्हतो, वाकून राहिलो होतो.

पेनल्टी कॉर्नरला चेंडू हातानं थांबवायची तेव्हा मुभा होती. एकानं सर्कलच्या रेषेवर आडवं होऊन तळहातानं चेंडू दाबायचा आणि मागच्यानं त्यावर फटका मारायचा. मुरमावर ज्याच्याकडे हे काम असे, त्याच्या तळहाताची साल सीझनभर निघालेली असे. आमच्या संघात ते काम माझ्याकडे होतं. मी सेंटर हाफ. घरी भाकरी मोडताना आई हाताकडे बघायची, पण काही बोलायची नाही. वडील मात्र बोलायचे. कुस्ती खेळला असतास तर निदान अंगाला माती तरी लागली असती, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं चुकत नव्हतं. सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख. पोरगं पैलवान होतंय म्हटल्यावर घरात दुधाचा रतीब वाढतो, बदाम येतात. यात्रेतल्या फडात जिंकलं तर इनाम मिळतं, फेटा मिळतो आणि चार गावांत नाव होतं. हॉकीच्या जत्रा भरत नाहीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते कुस्तीतच. अर्थात त्या पदकानंतरही त्यांना पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळायला १९५५ साल उजाडलं आणि अर्जुन पुरस्कार मिळायला २००० साल. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. पण हे हिशेब बापाला आणि पोराला नंतर कळतात.

मग आमच्या गावात हॉकी आली कुठून? आली ती पलटणीतून. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, त्या जिल्ह्यात सुट्टीवर येणाऱ्या फौजीच्या ट्रंकेतून काय काय उतरायचं! कँटीनचा साबण, मच्छरदाणी, आणि कधीतरी एखादी हॉकी स्टिक. रेजिमेंटमध्ये संध्याकाळी कंपनी-कंपनीचे सामने होत, आणि तिथे शिकलेला माणूस पेन्शनवर आला की गावातल्या चार पोरांना शिकवी. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. महूचे शंकर लक्ष्मण त्या पलटणीत बँडवाला म्हणून भरती झाले आणि भारताचे गोलकीपर म्हणून १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक खेळले. १९६४च्या टोकियोतल्या सुवर्णविजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. ही नावं आम्हांला पाढ्यांसारखी पाठ होती, कारण हवालदारसाहेब ती घेताना सावधान उभे राहत. पुढे खडकीतून धनराज पिल्ले आला, तोही दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतूनच. महाराष्ट्रात हॉकी कुठे रुजली ते शोधायचं तर छावण्यांचा नकाशा काढावा, फारसं चुकायचं नाही.

देशातली पहिली सैनिकी शाळाही १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. त्या मुलांच्या पायात बूट असत. आम्ही कॅनव्हासच्या बुटांत, आणि तेही सामन्यापुरते. स्टिक जालंधरची, तुतीच्या लाकडाची. फाळणीआधी हा धंदा सियालकोटचा. तिथले कारागीर जालंधरला आले, मेरठला पसरले, आणि त्यांच्या हातची स्टिक पुण्याच्या दुकानातून आमच्यापर्यंत पोचायची. नवी स्टिक म्हणजे घरात मोठी मागणी. म्हणून जवसाचं तेल पाजून तिला जपायचं. चीर गेली की सरस भरायचा, वर सुतळी करकचून गुंडाळायची. सुतळीनं वजन वाढायचं आणि फटका जड पडायचा. हवालदारसाहेब म्हणायचे, याला म्हणतात तोफखाना.

१९७५च्या १५ मार्चला क्वालालंपूरला विश्वचषकाची अंतिम लढत होती. पाकिस्तानविरुद्ध. साहेबांच्या अंगणात रेडिओ बाहेर आणून ठेवला होता. जसदेव सिंगांचा आवाज चढत गेला, अशोककुमारचा गोल झाला, आणि २-१ असा आपण विश्वचषक जिंकलो. ध्यानचंदच्या मुलानं विजयी गोल करावा, याहून अधिक काय पाहिजे? त्या रात्री आपण ऑलिंपिकलाच निघालोय अशा थाटात आम्ही पोवई नाक्यापर्यंत स्टिका खांद्यावर टाकून फिरून आलो.

पुढच्याच वर्षी माँट्रियल. भारत सातवा. १९२८पासून पहिल्यांदाच हॉकीत पदक नाही. सुवर्णपदक न्यूझीलंडला, ज्यांचं नाव आम्ही या खेळात धरतच नव्हतो. पेपरात कारण दिलं होतं, की सामने कृत्रिम हिरवळीवर झाले. आम्ही ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरमावर उतरलो. गालिच्यावर कसली हॉकी, असं साहेबसुद्धा म्हणाले. त्या उन्हाळ्यात जगातली हॉकी घर बदलून दुसरीकडे राहायला गेली, आणि सातारला पत्ता कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही जुन्या दारावर टकटक करत राहिलो. पुढची कितीतरी वर्षं.

कॉलेजात शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. कोल्हापूरला शिबिर, मग रेल्वेनं लांबचे सामने. रिझर्व्हेशन नसे, किट जिथे ठेवू तिथेच झोपायचं. त्या संघात मिरजेची, कोल्हापूरची, बेळगावच्या बाजूची पोरं होती. प्रत्येकाच्या स्टिकची धरण बघून तो कुठल्या मातीतला हे सांगता येई. मुरमावर वाढलेला स्टिक उभी धरतो. काळ्या रानातला किंचित आडवी, कारण तिथे चेंडू उडण्यापेक्षा अडतो जास्त. आम्हांला वाटायचं ही आमची शैली. खरं तर ती जमिनीनं लावलेली सवय होती.

१९८२च्या डिसेंबरात पुण्यात मामांकडे टीव्हीवर दिल्लीच्या आशियाई स्पर्धेची अंतिम लढत पाहिली. पाकिस्ताननं सात गोल केले, आपण एक. हा निकाल माझ्या पिढीतल्या कुठल्याही हॉकीवाल्याला विचारा, तो खाली मान घालून सांगेल. पण मी त्या दिवशी गोल कमी आणि मैदान जास्त बघत होतो. एकसारखं, कुठेही पुंजका नाही. चेंडू ओढलेल्या रेषेसारखा जात होता. पास घेणारा स्टिक जमिनीवर आडवी ठेवून नुसता उभा राहायचा आणि चेंडू तिला येऊन चिकटायचा. मी आयुष्यात एकदाही तसा चेंडू थांबवला नव्हता. थांबवला असता तर दात गेले असते.

त्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक घेतलं होतं. कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन, रेल्वेची खेळाडू. त्याची आठवण मात्र कमी जणांना आहे. सात गोल खाल्लेले लक्षात राहतात.

आता टर्फबद्दल एक मत सांगून टाकतो. युरोपवाल्यांनी कट करून टर्फ आणलं आणि आपली हॉकी मारली, हे मी अनेक सत्कार समारंभांत ऐकलं आहे. टाळ्याही पडतात. टर्फनं खेळ बदलला हे खरं. चेंडू वेगानं पळू लागला, दम जास्त लागू लागला, मनगटाच्या कारागिरीला पूर्वीची उसंत राहिली नाही. मग हातानं कॉर्नर थांबवणं गेलं, नव्वदीत ऑफसाइड गेलं, लाकडाच्या जागी फायबर आणि कार्बनच्या स्टिका आल्या, आणि अलीकडे पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचे पंधरा मिनिटांचे चार तुकडे झाले. पण पाकिस्तानची जमीन आपल्यासारखीच आहे. त्यांनी १९८४ साली लॉस एंजेलिसला टर्फवरच सुवर्णपदक जिंकलं आणि १९९४चा विश्वचषकही नेला. तेव्हा कटाची गोष्ट बाजूला ठेवू. मैदान बदललं हे आपल्याला १९७६ साली कळलं होतं. ते जिल्ह्यापर्यंत पोचवायला कुणी निघालंच नाही. दोष कुठे असेल तर इथे आहे.

हॉकीनं मला नोकरी दिली. हे वाक्य मी संकोच न करता लिहितो, कारण 'हे नोकरीसाठी खेळतात' असं नाक मुरडून बोलणारे मी खूप पाहिले. बोलणाऱ्यांच्या घरी बहुधा शेती बागायती असते. विद्यापीठाचं प्रमाणपत्र होतं, बी.पी.एड. केलं आणि सांगलीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागलो. त्याआधी एका सरकारी कार्यालयात खेळाडूंच्या जागेसाठी गेलो होतो. तिथल्या कारकुनानं प्रमाणपत्र उलटसुलट करून सांगितलं, "हा खेळ यादीत आहे का बघावं लागेल." आठ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा खेळ यादीत आहे का, हे बघायला त्यांना दोन आठवडे लागले. तोवर जागा भरली होती. पुढे राज्यात खेळाडूंसाठी पाच टक्के जागांचं आरक्षण आलं, त्याचे नियम झाले, प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली, आणि खोटी प्रमाणपत्रं काढणाऱ्यांमुळे खऱ्या खेळाडूंचे हेलपाटे वाढले. माझ्या हाताखालची पोरं यातूनच गेली. त्यांतले कोणी पोलिसात आहेत, कोणी रेल्वेत, तीन-चार फौजेत. एकाचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे. तो दुकानात स्टिक ठेवतो, म्हणतो, चोरांसाठी.

सांगलीला आलो आणि पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. कृष्णाकाठची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांत चेंडू जाऊन बसतो. पावसात बूट वर येतो आणि तळवा खाली राहतो. खेळण्याजोगे दिवस म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत. आणि आमची मुख्य शालेय स्पर्धा, जवाहरलाल नेहरू हॉकी, तिचे जिल्ह्याचे सामने ऐन पावसाळ्यात! दिल्लीच्या स्पर्धेआधी राज्याचा संघ ठरायचा, त्याआधी विभागाचा, त्याआधी जिल्ह्याचा. असं मागे मागे येत आमच्या वाट्याला चिखल यायचा. तक्रार करून उपयोग नव्हता. मग आम्ही चिखलातली हॉकी शिकलो. चेंडू जमिनीवरून ढकलत बसायचं नाही, स्कूप करून उचलायचा आणि पुढच्यानं धावायचं. बघणारे हसायचे, पण आम्ही जिल्हा जिंकायचो.

नोकरीच्या आधी दोनच वर्षं कपिलदेवनं विश्वचषक उचलला होता. विजय हजाऱ्यांच्या या गावात क्रिकेटला आधीच मान, त्यात १९८३. पोरांना गोळा करताना मी एक युक्ती करायचो. ज्यांना क्रिकेटच्या संघात घेतलं जात नाही, त्यांना हेरायचं. जाडे, बुटके, डावरे. डावऱ्यांची तर पंचाईतच, कारण हॉकीत डाव्या हाताची स्टिक नसते. सगळ्यांनी उजवीच धरायची. तरी माझा सर्वांत चांगला लेफ्ट आऊट डावरा होता. आपल्याला कुणीतरी निवडलं, एवढ्यावर ही पोरं जीव तोडून पळायची.

नोकरीत दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा पिंपरीत नेहरूनगरला पॉलिग्रासचं मैदान झालं होतं आणि आमच्या संघाला तिथे सामना मिळाला. ज्या मैदानाविषयी मी दीड तप वाचत होतो, त्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तो असा, शिट्टी गळ्यात घालून. पाणी मारलेलं होतं. वाकून हात लावला तर ते गवतासारखं मऊ नव्हतंच, खरखरीत होतं. पोरं वॉर्मअपला घसरून हसत होती.

सामना सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं काय होणार आहे. समोरचा संघ पुण्याचा, या मैदानावर रोज खेळणारा. त्यांचे पास आमच्या हाफच्या स्टिकखालून जात होते. कारण आमची पोरं स्टिक उभी धरून उसळीची वाट बघत होती. उसळी येतच नव्हती. चेंडू सरळ, ठरल्या वाटेनं, स्टिकच्या डावीकडून निघून जायचा आणि पोरगं अर्धा सेकंद दगड शोधत राहायचं. आमचा गोलकीपर धीट होता. त्यानं बरेच अडवले, तरी बरेच झाले. हाफ टाइमला पाणी पिताना आमचा डावरा लेफ्ट आऊट माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, इथं चेंडू सरळच येतोय." तक्रारीच्या सुरात.

दुसऱ्या डावात तो बदलला. कुणी सांगितलं नाही, त्यानं स्वतःच स्टिक खाली आणली. शेवटच्या दहा मिनिटांत तो त्यांच्या फुलबॅकला दोनदा चकवून गेला, आणि दुसऱ्यांदा त्यानं गोल केला. एक. सांगलीला परतताना गाडीत सगळे त्या एका गोलाबद्दलच बोलत होते. मी खिडकीजवळ बसून वेगळाच हिशेब करत होतो. या पोराला असं मैदान तीन वर्षं मिळालं तर? त्याला ते मिळालं नाही. बारावीनंतर तो फौजेत गेला, तिथे मिळालं, पण तोवर वय निघून गेलं होतं. हॉकीत हात बारा ते सोळा या वयात घडतो. नंतर फक्त दम वाढवता येतो.

म्हणूनच फलटणच्या मुलींची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे. दोन्ही फलटण तालुक्यातली गावं, दोन्ही शेतकरी घरं. शाळेच्या मातीतल्या मैदानावर सुरुवात झाली आणि हात घडायच्या वयातच त्या राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्याच्या बालेवाडीला गेल्या. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला ज्युनियर विश्वचषकात भारताचा संघ चौथा आला, त्यात या दोघी होत्या. इंग्लंडनं शूटआऊटमध्ये कांस्यपदक हिसकावलं. वैष्णवी पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ २०२३ साली जपानमध्ये ज्युनियर आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होती. एका दुष्काळी पट्ट्याच्या कडेच्या तालुक्यातून देशाच्या मधल्या फळीपर्यंत मुली जातात, हे काही आपोआप झालेलं नाही. गावात कुणीतरी शिकवणारा होता, आणि योग्य वयात कुणीतरी उचलून टर्फवर नेलं. आमच्या पिढीला यातलं पहिलं मिळालं.

वैष्णवीला टीव्हीवर बघताना मी तिची स्टिक बघतो. आडवी, खाली. पास येण्याआधीच तिची मान वळलेली असते. पुढे कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. चेंडूकडे बघावंच लागत नाही. आमचा निम्मा खेळ चेंडूकडे बघण्यात जायचा. मात्र एखादा पास उडाला, कुणाच्या स्टिकला लागून वेडावाकडा आला, की ती क्षणात गुडघे वाकवून तो मारून टाकते. ते बालेवाडीत शिकवत नसावेत. तो आसूचा हात असावा असं मला उगीच वाटतं. जिल्ह्याचा अभिमान म्हणा.

प्रबोधिनीबद्दल मला एक शंका आहेच. बारा-तेराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलामुलींपैकी देशाच्या संघापर्यंत पोचणारे मोजके. बाकीचे दुखापतीनं, कामगिरीवरून किंवा नुसत्या नशिबानं मागे पडतात आणि अठराव्या वर्षी गावी परत येतात. त्यांच्यासाठी इथे काय आहे? तालुक्याला टर्फ नाही, क्लब नाही, संध्याकाळी खेळायला अकरा जण जमत नाहीत. मग पोलीस भरतीचं मैदान, सोळाशे मीटर आणि गोळाफेक. या परत आलेल्यांना शाळांमध्ये मानधनावर का होईना शिकवायला ठेवलं, तर जिल्ह्याची हॉकी दहा वर्षांत बदलेल असं माझं ठाम मत आहे. त्यांना टर्फवरचं माहीत आहे आणि मातीतलंही. असा माणूस आमच्याकडे कधी नव्हता.

२०१९च्या ऑगस्टमध्ये, मी निवृत्त झालो त्याच वर्षी, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. आमची खेळाच्या साहित्याची खोली चार दिवस पाण्यात होती. जुन्या लाकडी स्टिका फुगून, वाकून सरपणाच्या झाल्या. फायबरच्या धुऊन पुसून पुन्हा वापरात आल्या. मैदानावर वीतभर गाळ बसला होता, तो वाळल्यावर पोरांनीच फावड्यानं ओढला. त्या हिवाळ्यात मैदान पहिल्यांदाच सपाट झालं.

आता मी दर जुलै-ऑगस्टमध्ये नेहरू हॉकीचे जिल्ह्याचे सामने बघायला जातो, कधी सांगलीला, कधी साताऱ्याला. मुलींचे संघ पूर्वीपेक्षा वाढले आहेत. प्रेक्षकांत पालक पाच-सहा, शिक्षक, पंच, आणि मी. निवड समितीचं लक्ष कागदावर असतं. पोरं मात्र कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाकडे बघून खेळतात. तुमच्या जिल्ह्यातले सामने कधी आहेत हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला की कळतं. छत्री घेऊन या. तिकीट नसतं.